बरसाती ते बिल्डर फ्लोअर : दिल्लीतल्या भाड्याच्या घराची गोष्ट



आजची गोष्ट घराची आहे, पण स्वतःच्या घराची नाही, भाड्याच्या घराची. मुंबईच्या चाळींवर, पागडीवर, तिथल्या भाडेकरूंवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, नाटकं झाली आहेत, सिनेमे झाले आहेत. दिल्लीच्या भाड्याच्या घराबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. खरं तर मंत्रालयात नोकरीला आलेला कारकून, बँकेतून बदली झालेला अधिकारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलेला लातूरचा मुलगा, गुरगावच्या कंपनीत रुजू झालेली पुण्याची मुलगी, अशा किती तरी मराठी माणसांची दिल्ली भाड्याच्या घरातच सुरू होते.

आणि हे घर बहुतेक वेळा कसं असतं? एका कुटुंबाचं घर, त्याचा एक मजला आपल्याला दिलेला. मालक खाली, आपण वर, मध्ये एकच जिना. हा जिना दिल्लीच्या इतिहासातून कसा आला, आणि त्या जिन्याच्या पायथ्याशी कोणाला आत घेतलं जातं, कोणाला परत पाठवलं जातं, हे आज बघू या. सुरुवात माझ्यापासून करतो, कारण हा प्रश्न मला पुस्तकात नाही, जिन्यातच पडला.

अकरा महिन्यांचा कागद

१९९१ च्या जूनमध्ये मी नाशिकहून दिल्लीला आलो. केंद्र सरकारची नोकरी, हुद्दा छोटा. सरकारी क्वार्टरसाठी अर्ज केला तेव्हा यादीतला माझा क्रमांक बघून कार्यालयातले एक जुने सहकारी हसले आणि म्हणाले, "तोपर्यंत तुमची मुलं शाळेत जातील." त्या वेळी माझं लग्नही झालेलं नव्हतं.

एका प्रॉपर्टी डीलरने मला लाजपत नगरमध्ये नेलं. शंभर यार्डांच्या प्लॉटवरचं घर. खाली मालकीणबाई आणि त्यांचा थोरला मुलगा, मधल्या मजल्यावर धाकट्याचा संसार, आणि वर गच्चीवर एक खोली, एक मोरीवजा स्वयंपाकघर, पत्र्याच्या दाराचं न्हाणीघर. हीच बरसाती. मालकीणबाईंना सगळी गल्ली बीजी म्हणायची, मीही म्हणायला लागलो. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं? नोकरी सरकारी की प्रायव्हेट? आई-वडील येणार का? खातोस काय? लग्न कधी करणार? मी एकेक उत्तर देत गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, "मराठी लोग शरीफ होते हैं," आणि घर मला मिळालं. भाडं महिना अठराशे रुपये.

मग मुलाने स्टँप पेपर आणला. मुदत अकरा महिने. मी विचारलं, "अकराच का? बारा का नाही?" बीजी म्हणाल्या, "वकील साहब कहते हैं." मी सही केली. त्या घरात मी आठ वर्षं राहिलो. तो कागद दर अकरा महिन्यांनी नवा होत गेला आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मला हळूहळू मिळत गेलं.

राजधानी आणि तिचे पहिले भाडेकरू

१२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. हे शहर आखताना कोणी कुठे राहायचं हे हुद्द्यावर ठरलं. साहेबांना मोठमोठे बंगले, कारकुनांना गोल मार्केटच्या बाजूची क्वार्टर्स. म्हणजे नव्या दिल्लीत घर हे पगाराबरोबर मिळायचं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांनी पहाडगंज, करोलबाग, जुनी दिल्ली इथे खोली शोधायची. दिल्लीतल्या जुन्या मराठी कुटुंबांचे पत्ते याच भागातले का आहेत, ते यावरून लक्षात येईल. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन उभं राहिलं, तेही उगाच नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. लष्करी आणि सरकारी माणसांची दिल्लीत रीघ लागली, घरं तेवढीच राहिली आणि भाडी भडकली. १९३९ मध्येच युद्धकाळातल्या अधिकारांखाली नव्या दिल्लीसाठी भाडेनियंत्रणाचा आदेश निघाला.

ही कल्पना मुळात आली पहिल्या महायुद्धातून. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली. नवरे आघाडीवर किंवा कारखान्यात, घरी बायका. त्यांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. १९१८ मध्ये मुंबईत तसाच युद्धकालीन कायदा आला. असे कायदे तात्पुरते म्हणून येतात. पण एकदा लाखो कुटुंबं त्यांच्या आधाराने राहू लागली, की ते काढून घेणं कुठल्याच सरकारला सोपं जात नाही.

निर्वासितांची घरं

दिल्लीचं आजचं रूप घडवलं ते फाळणीने. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर होती. १९५१ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्याही पुढे गेली. पश्चिम पंजाब, सरहद्द प्रांत, सिंध इथून सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले आणि तीन लाखांहून जास्त मुसलमानांना दिल्ली सोडावी लागली. काही लोक पुराना किल्ल्यात, हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात, किंग्जवे कॅम्पच्या तंबूंत राहत होते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ तेव्हा केंद्रात बांधकाम, खाणी आणि वीज खात्याचे मंत्री होते. निर्वासितांना छप्पर हवं होतं आणि नव्या सरकारच्या नोकरांनाही. जागा दोघांनाही पुरत नव्हती.

त्यातून वसाहती उभ्या राहिल्या. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर, मालवीय नगर. लष्करातल्या विस्थापित अधिकाऱ्यांसाठी डिफेन्स कॉलनी. पुढे साठच्या दशकात पूर्व बंगालच्या लोकांसाठी जी वसाहत झाली, तिला आज आपण चित्तरंजन पार्क म्हणतो. सरकारने छोटे प्लॉट दिले, कुठे एक-दोन खोल्यांची बैठी घरं बांधून दिली. १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई ठरली आणि त्यात अनेकांच्या नावावर ही घरं झाली.

बीजींचं घर यातलंच. त्या लायलपूरहून, म्हणजे आजच्या फैसलाबादहून, लहान वयात आलेल्या. त्या सांगायच्या, आधी दोन खोल्या होत्या. नवऱ्याने कापडाचं दुकान टाकलं, चार पैसे जमले तेव्हा वर एक मजला चढवला. मुलांची लग्नं व्हायची होती तोवर तो मजला भाड्याने दिला. नवरा गेल्यावर घर चाललं ते त्या भाड्यावर. पेन्शन नव्हती, शेती सीमेपलीकडे राहिली होती. मुंबईत एका मालकाच्या चाळीत शंभर बिऱ्हाडं असायची. दिल्लीच्या या वसाहतींत एका घरात एक किंवा दोन भाडेकरू असायचे, आणि त्यांचं भाडं म्हणजे एखाद्या विधवेचं निवृत्तिवेतन असायचं. त्यामुळे मुंबईच्या मालक-भाडेकरू भांडणाचा साचा दिल्लीला जसाच्या तसा लावता येत नाही.

१९५८ चा कायदा

दिल्लीत भाड्याचे कायदे एकापाठोपाठ एक आले. १९४७ चा, १९५२ चा, आणि मग १९५८ चा दिल्ली भाडेनियंत्रण कायदा, जो फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. तो आजही आहे.

त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, प्रमाणित भाडं. बांधकामाचा वाजवी खर्च आणि बांधकाम सुरू झालं तेव्हाची जमिनीची किंमत, यांच्या बेरजेवर साधारण साडेसात-आठ टक्के. नव्या घरांना पहिली काही वर्षं सूट होती, पण एकदा आकडा ठरला की जमिनीचा भाव पुढे दसपट झाला तरी तो हलत नव्हता. दुसरी, चौदावं कलम. ठराविक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. भाडं थकवलं, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, किंवा मालकाला स्वतःला राहायला जागा हवी आहे आणि त्याच्याकडे दुसरी सोय नाही, अशी ती कारणं. मुदत संपली हे कारण त्या यादीत नाही.

आता अकरा महिन्यांचं कोडं उलगडतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिने लिहिले की नोंदणीचा खर्च आणि खेटे वाचतात. पण त्या कागदाने भाडेकरू बाराव्या महिन्यात बाहेर जाईल, असं मात्र नाही. मी अठराशे रुपये भरत होतो, १९५८ चा कायदा मला लागू होता. मी जाणार नाही म्हणालो असतो, तर बीजींना कोर्टात जावं लागलं असतं आणि वर्षानुवर्षं तारखा घ्याव्या लागल्या असत्या. वकीलसाहेबांना हे माहीत असणारच. बहुधा बीजींनाही माहीत होतं.

मग त्यांनी भरवसा कशावर ठेवला? त्या खाटेवरच्या चौकशीवर. आजचा माझा मुख्य मुद्दा हाच आहे. कायद्याने भाडेकरूला घरात आल्यावर भक्कम संरक्षण दिलं, पण घरात येण्याआधी काहीच दिलं नाही. एकदा आत आलेला माणूस निघेल याची खात्री नसली, की मालक सगळी परीक्षा दारातच घेतो. आणि दारातली परीक्षा माणसाच्या गावाची, जातीची, धर्माची, ताटातल्या अन्नाची होते.

बरसातीतले आणि क्वार्टरमधले

या काळाची एक चांगली बाजूही सांगतो. बरसाती म्हणजे मुळात पावसाळ्यापुरती खोली. उन्हाळ्यात घरातली माणसं गच्चीवर झोपायची. रात्री अचानक सर आली की अंथरुणं उचलून आत जायला एक आडोसा असायचा. पुढे त्याच आडोशाला चूल आणि नळ मिळाला आणि तो भाड्याने जाऊ लागला. भर उन्हात तापणारी, थंडीत गारठणारी, म्हणून स्वस्त. दक्षिण दिल्लीच्या बरसात्यांत पत्रकार, नाटकवाले, चित्रकार, विद्यार्थी राहिले.

आपल्याकडचं एक मोठं नाव त्यात आहे. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. त शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे सत्तरच्या दशकात मुंबई सोडून दिल्लीला आले आणि निझामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत राहिले. राहणं तिथेच आणि चित्रं काढणंही तिथेच. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र जवळपास ४० कोटी रुपयांना विकलं गेलं. ते गेले त्याला तोवर वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या बाजूला एक मजेदार गोष्ट चालली होती. बऱ्याच सरकारी अधिकाऱ्यांनी वसाहतींत आणि सहकारी सोसायट्यांत प्लॉट घेऊन घरं बांधली, ती चांगल्या भाड्याने दिली, आणि स्वतः मात्र नाममात्र भाड्याच्या सरकारी बंगल्यात राहिले. सप्टेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, सरकारने ठरवलं की ज्याचं दिल्लीत स्वतःचं घर आहे त्याने क्वार्टर सोडावं, नाही तर बाजारभावाने भाडं भरावं. आता या साहेबांच्या घरात भाडेकरू बसलेले, आणि कायदा भाडेकरूच्या बाजूने! मग १ डिसेंबर १९७५ पासून कायद्यात १४-अ हे कलम घातलं गेलं. क्वार्टर सोडावं लागणाऱ्या सरकारी नोकराला आपलं घर झटपट परत मिळावं, यासाठी वेगळी, जलद पद्धत तयार झाली. बीजींसारख्या विधवांना आणि निवृत्त सैनिकांना अशी जलद वाट मिळायला १९८८ उजाडावं लागलं.

दिल्लीच्या हद्दीपलीकडे

आता शहर दिल्लीबाहेर कसं सांडलं ते बघू. १९४६ मध्ये चौधरी राघवेंद्र सिंग यांनी डीएलएफ ही कंपनी काढली. कृष्ण नगर, मॉडेल टाउन, राजौरी गार्डन, साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलाश, हौज खास या त्यांच्या वसाहती. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, स्थापन झालं. त्यानंतर सरकारने जमीन मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेऊन स्वतःच विकसित करायचं धोरण घेतलं आणि खाजगी वसाहतकारांना दिल्लीत काम उरलं नाही.

सीमेपलीकडे मात्र दार उघडलं. हरियाणाने १९७५ मध्ये खाजगी विकासकांना परवाने देणारा कायदा केला, आणि १९८१ मध्ये डीएलएफला गुरगावात परवाना मिळाला. १९८३ च्या डिसेंबरात तिथल्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली. यमुनेपलीकडे उत्तर प्रदेशाने १९७६ मध्ये नोएडा वसवायला घेतलं. आज ज्याला आपण एनसीआर म्हणतो, त्यातली उपनगरं अशी वाढली.

भाड्याच्या घराच्या दृष्टीने इथे राज्याराज्यांचा फरक पडला. हरियाणाच्या १९७३ च्या भाडेकायद्यात नव्या इमारतीला पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं सूट होती. गाझियाबादसारख्या उत्तर प्रदेशातल्या जुन्या शहरांत १९७२ च्या कायद्याने रिकामं झालेलं घर कोणाला द्यायचं, हे जिल्हाधिकाऱ्याच्या वाटप-आदेशावर अवलंबून होतं. तुम्ही मालक असता तर पैसे कुठे गुंतवले असते? गुरगावातले प्लॉट आणि कोठ्या परदेशातल्या भारतीयांनी, लष्करी अधिकाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी घेतल्या त्या या सुटीचा अंदाज बांधूनच, असं मी म्हणणार नाही. पण नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या तिथे आल्या, त्यांच्या माणसांना घरं हवी होती, आणि ती देताना गुरगावचा मालक दिल्लीच्या मालकाइतका घाबरत नव्हता.

मीही १९९९ मध्ये लग्नानंतर गुरगावला गेलो. प्लॉटवरची कोठी, पहिला मजला आमचा. मालक मस्कतला, किल्ली शेजाऱ्याकडे. खालून कोणी हाक मारणारं नव्हतं, वीज गेली तर विचारायलाही कोणी नव्हतं.

याच उपनगरांचा तिसरा चेहराही सांगायला हवा. जिची शेती गेली, त्या गावाची जुनी वस्ती, म्हणजे लाल डोऱ्याच्या आतला भाग, तशीच राहिली. बांधकामाचे नियम तिथे सैल होते. शेती गमावलेल्या कुटुंबांनी मिळालेल्या पैशातून खोल्यांच्या रांगा बांधल्या. कापसहेडा, नाथूपूर, चक्करपूर इथे कपड्याच्या कारखान्यातला कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणारी बाई एका खोलीत कुटुंबासह राहते. काही ठिकाणी किराणाही मालकाच्याच दुकानातून घ्यावा लागतो. २९ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की स्थलांतरित कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नये. त्याच दिवसांत आनंद विहारच्या बसस्थानकावरची गर्दी आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. खोलीचा कागद नसलेल्या माणसाला तो आदेश कोणाला दाखवायचा, हेच कळत नव्हतं.

कायदा झाला, पण लागू झाला नाही

१९८८ मध्ये दिल्लीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याची घरं कायद्याबाहेर काढली गेली, आणि जुन्या भाड्यात दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ करायची मुभा मिळाली. ३,५०० चा तो आकडा आजही तोच आहे. म्हणून दिल्लीत आज दोन जगं आहेत. जुन्या भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले दुकानदार आणि भाडेकरू एका बाजूला, आणि ज्यांना मालक दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघायला सांगू शकतो असे नवे लोक दुसऱ्या बाजूला.

१९९५ मध्ये संसदेने नवा दिल्ली भाडे कायदा संमत केला. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली. फक्त तो लागू करायची अधिसूचना निघाली नाही. व्यापारी भाडेकरूंनी जोरदार विरोध केला आणि सरकारं बदलली तरी कोणी तो कागद पुढे सरकवला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने सरकारला तसा आदेश द्यायला नकार दिला.

तोवर बरसात्या जायला लागल्या होत्या. २००७ च्या नव्या आराखड्याने खाली पार्किंग आणि वर चार मजले बांधायची वाट मोकळी केली. बिल्डर जुनं घर पाडतो, चार मजले बांधतो, एक-दोन स्वतः विकतो, उरलेले मालकाच्या मुलांना. यालाच बिल्डर फ्लोअर म्हणतात. बीजींचं घरही असंच पडलं. गच्ची आता कोणा चौथ्याच कुटुंबाच्या मालकीची आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. साऱ्याच घरांना भीतीने कुलूप लागलेलं नाही. काही गुंतवणूक म्हणून घेतलेली, काही अशा जागी की तिथे पाणी-वाहन नाही. पण "भाडेकरू नको, कुलूप बरं" हे वाक्य मी एनसीआरमध्ये किती वेळा ऐकलंय, त्याला मोजदाद नाही. २ जून २०२१ ला केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. लेखी करार, राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नको, तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी त्या धर्तीवर स्वतःचा कायदा केला. दिल्लीत १९५८ चाच कायदा चालू आहे.

अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी अटलांटा, फिनिक्स अशा शहरांच्या उपनगरांत हजारो सुटी घरं विकत घेऊन भाड्याने दिली. तिथली तक्रार अशी की मालकाचा चेहराच दिसत नाही. आपल्याकडे उलटं आहे. मालक दिसतो, बोलतो, पाणी देतो आणि तोंडावर नाही म्हणतो.

जिन्याच्या पायथ्याशी

आता जे सांगायचं ते माझ्या वाट्याचं आहे. १९९९ मध्ये मी बरसाती सोडत होतो, तेव्हा बीजी म्हणाल्या, "तुझ्यासारखाच कोणी तरी बघून दे." मी कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचं नाव सुचवलं. अलीगढचा मुलगा, माझ्यापेक्षा व्यवस्थित, सिगारेटसुद्धा न ओढणारा. नाव ऐकून बीजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बेटा, लड़का अच्छा होगा। पर मुझसे नहीं होगा।" त्यांनी १९४७ मध्ये काय पाहिलं होतं ते मला थोडंफार माहीत होतं. मी वाद घातला नाही. नागपूरचं एक जोडपं शोधून दिलं. सहकाऱ्याला सांगितलं, खोली आधीच गेली. तो "ठीक आहे" म्हणाला. त्याला ते वाक्य नवीन नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मला आठ वर्षांपूर्वी तीच खोली पाच मिनिटांत मिळाली होती.

मी आज मालक आहे. गाझियाबादच्या बाजूला आमचा एक दुसरा फ्लॅट आहे, तो भाड्याने देतो. गेल्या हिवाळ्यात तो रिकामा झाला. डीलरचा फोन आला की मणिपूरच्या दोन मुली आहेत, नोएडाला नोकरी करतात, पण "सर, मी फॅमिली शोधून देतो, थोडं थांबा." मी विचारलं, पगार किती, आधी कुठे राहत होत्या, भाडं थकवलं होतं का? त्याच्याकडे तीनही उत्तरं होती आणि तीनही चांगली होती. मग थांबायचं कशासाठी? तो म्हणाला, "सोसायटीवाले बोलतील."

सोसायटीवाले बोलले. सेक्रेटरींनी मला चहाला बोलावलं आणि कोण येणार-जाणार याची काळजी व्यक्त केली. मी त्यांना विचारलं, मी बॅचलर म्हणून दिल्लीत आलो तेव्हा माझ्याकडे कोण येत-जात होतं, हे तुम्ही कधी विचारलंत का? ते हसले. विषय तिथे संपला असं नाही. मुली राहायला आल्यावरही चौकीदाराने वहीत त्यांच्या पाहुण्यांची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. ती बंद करायला मला दोनदा जावं लागलं.

करार करायला आम्ही वकिलाकडे गेलो. मी म्हणालो, नवा कायदा आला आहे, नीट लिहू या, मुदत दोन वर्षांची ठेवू, नोंदणी करू, अनामत दोन महिन्यांची. वकिलाने मान डोलावली आणि ड्रॉवरमधून छापील मसुदा काढला. त्यावर मुदतीच्या जागी आधीच अकरा महिने छापलेलं होतं.

आम्ही ते खोडून वर चोवीस लिहिलं. त्या दोघींपैकी थोरलीने विचारलं, "अंकल, सब लोग ग्यारह क्यों लिखते हैं?" मी तिला म्हटलं, सांगतो, पण गोष्ट लांबलचक आहे.

तीच आज तुम्हाला सांगितली. तुमच्याही भाड्याच्या घराची आठवण असेल, मालक म्हणून किंवा भाडेकरू म्हणून, तर जरूर कळवा. कोणाला दारातून परत पाठवल्याची असेल, तर तीही.